काकांनी आणलेली सर्पगंधेची पुडी

कोकणातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गाभा असा:

वडील ७१ वर्षांचे, एस.टी.तून निवृत्त झालेले. दीडेक वर्षापूर्वी उजव्या टाचेखाली काळा डाग दिसला. कुरूप समजून कॉर्न कॅप लावून झाल्या, ओळखीच्या एकाकडून ते तासूनही घेतलं. जखम भरेना, पाणी येऊ लागलं, तेव्हा मुंबईला नेलं आणि मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रियेत डाग भोवतालच्या कातडीसह काढला. जांघेतली एक गाठ तपासायला घेतली, तिच्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या. स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही. डॉक्टरांनी वर्षभर इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार) किंवा बारकाईने देखरेख, असे दोन मार्ग सांगितले आहेत. इम्युनोथेरपीचा खर्च ऐकून घर हादरलं आहे. पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे.

दरम्यान थोरल्या काकांच्या वाचनात आलं की, सर्पगंधेपासून बनणारं बी.पी.चं औषध मेलानोमा पसरू देत नाही असं अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. काका स्वतः वर्षानुवर्षं सर्पगंधा घेतात आणि त्यांचं बी.पी. ताब्यात असतं. त्यांनी मुळीचं चूर्ण आणून दिलं, रोज सकाळी अर्धा चमचा. पुण्याच्या भावाने त्यात भर घातली: बाबांच्या बी.पी.च्या गोळीत ‘एच’ आहे आणि त्यानेच कातडीचा कॅन्सर होतो, म्हणून ती गोळी बंद करा. बाबांना ‘कॅन्सर’ हा शब्द कुणी सांगितलेला नाही, ‘वाईट गाठ होती, काढून टाकली’ एवढंच त्यांना ठाऊक. आई गेल्यापासून ते नैराश्याची गोळी घेतात. चूर्ण अजून सुरू केलेलं नाही. ताई विचारतात: हे संशोधन खोटं आहे का? खोटं नसेल, तर मी आडवी येऊन बाबांची संधी घालवते आहे का? आणि काकांना न दुखवता ‘नाही’ कसं म्हणू?

ताई,

आधी तातडीचं सांगते. चूर्ण सुरू करू नका आणि बी.पी.ची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. उद्या सकाळी गोळी नेहमीसारखीच द्या. कारणं पुढे सविस्तर लिहिते, पण एवढं आजच्या आज करा.

आता तुमचा पहिला प्रश्न. संशोधन खोटं नाही. काकांनी काहीतरी भोंदू वाचलं असं समजून तुम्ही त्यांच्याशी बोलायला गेलात, तर पहिल्या वाक्यालाच चुकाल. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात सर्ज फुक्स यांच्या गटाने हे काम केलं आणि २०१९च्या सुरुवातीला ते ‘कॅन्सर सेल’ या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आलं. औषधाचं नाव रेसर्पिन. ते मूळचं सर्पगंधेच्या मुळातलंच.

त्यांनी काय पाहिलं ते समजून घेण्यासारखं आहे. मेलानोमाच्या पेशी आपल्या अंगातून अतिसूक्ष्म पिशव्या सोडत असतात. त्या रक्तातून लांबच्या अवयवांपर्यंत जातात, तिथल्या निरोगी पेशींमध्ये शिरतात आणि त्यांचं वागणं बदलतात. वऱ्हाड यायच्या आधी दोन माणसं पुढे जाऊन जानवसा बघून ठेवतात ना, तसं या पिशव्या कॅन्सरसाठी जागा तयार करतात. आपल्या पेशींकडे याला अडवायची सोय असते. इंटरफेरॉन या शरीरातल्याच संरक्षक प्रथिनाच्या इशाऱ्यावर त्या एक एन्झाइम बनवतात, ते कोलेस्टेरॉलपासून एक वेगळा पदार्थ तयार करतं आणि त्या पदार्थामुळे पिशव्यांना पेशीत शिरणं अवघड होतं. मेलानोमा नेमकी हीच सोय दुबळी करतो. ज्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत हे एन्झाइम कमी होतं, त्यांचा आजार पुढे जास्त वाईट वळणावर गेला, असंही त्यांना दिसलं. मग पिशव्यांचा शिरकाव थांबवणारं औषध म्हणून त्यांनी रेसर्पिन वापरून पाहिलं. उंदरांमध्ये शिरकाव कमी झाला आणि फुप्फुसात पसरणारा मेलानोमाही रोखला गेला. शस्त्रक्रियेनंतरच्या जोड-उपचारात रेसर्पिनचा विचार व्हायला हवा, असं त्या शास्त्रज्ञांनी स्वतःच मांडलं आहे.

म्हणजे काकांचा धागा खरा आहे. तुमच्या बाबांची अवस्थाही, शस्त्रक्रिया झालेली, दिसण्याजोगा आजार शिल्लक नाही, पसरण्याची भीती मात्र आहे, बरोबर तीच आहे. त्यामुळे तुमच्या मनात जी घालमेल आहे ती मला पूर्ण समजते. पण ‘संशोधन खरं आहे’ आणि ‘हे बाबांना द्यावं’ या दोन वाक्यांमध्ये खूप अंतर आहे, आणि तुमच्या घरात ते अंतर एका रात्रीत ओलांडलं गेलं.

पहिली गोष्ट, हे निकाल उंदरांतले आहेत. हे वाक्य आपण सगळ्यांनीच इतक्यांदा ऐकलंय की त्याचा परिणाम होत नाही, म्हणून मी याच औषधाची एक जुनी हकिगत सांगते. सप्टेंबर १९७४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात बॉस्टन, ब्रिस्टल आणि हेलसिंकी इथले तीन अभ्यास आले. रेसर्पिन घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त दिसतो, असं तिन्हींचं म्हणणं होतं. तीन देश, तीन गट, एकच निष्कर्ष. त्या वेळी हे औषध घेणाऱ्या घरांमध्ये काय झालं असेल याची कल्पना करा. पुढच्या वर्षांत जास्त काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. त्यानंतर अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगांत छोट्या आणि मोठ्या जातीच्या उंदरांना दीर्घकाळ रेसर्पिन खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्यात गाठी झाल्या: छोट्या जातीच्या माद्यांच्या स्तनांत, मोठ्या जातीच्या नरांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत. त्यामुळे अमेरिकेच्या कॅन्सरकारक पदार्थांच्या यादीत ‘माणसातही कॅन्सर करू शकेल असं मानायला वाव आहे’ अशा गटात रेसर्पिन आजही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने मात्र पुरावा अपुरा म्हणून कुठलाच निकाल दिलेला नाही.

२०१९च्या उंदरांवर विश्वास ठेवून औषध द्यायचं, तर त्या आधीच्या उंदरांचं काय करायचं? मला दोन्हींवरून एकच दिसतं: उंदरांनी विचारायला प्रश्न दिले, माणसांसाठी उत्तर दिलेलं नाही. काकांपुढे ही हकिगत जरूर ठेवा. त्यांनी वाचन केलंय, तेव्हा वाचनाने त्यांचं मन वळू शकतं.

दुसरं, तुमच्या बाबांचा मेलानोमा तळपायावरचा आहे. गोऱ्या कातडीच्या लोकांत मेलानोमा बहुधा उन्हाशी जोडलेला असतो. आपल्याकडे मेलानोमा एकूण कमी होतो, पण होतो तेव्हा तळपाय, तळहात, नखाखाली, अशा ऊन न लागणाऱ्या जागी होण्याचं प्रमाण मोठं असतं. या प्रकाराची जनुकं वेगळी, औषधांना मिळणारा प्रतिसादही वेगळा. त्यामुळे ‘मेलानोमावर चालतं’ असं कुठेही वाचलंत की पुढचा प्रश्न ‘कुठल्या मेलानोमावर?’ हाच विचारा. इम्युनोथेरपीबद्दलही हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा आहे, त्याकडे येतेच.

तिसरं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि पत्रात तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. बाबा नैराश्याची गोळी घेतात. रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायनं रिकामी करतं. नॉरअ‍ॅड्रेनलिन कमी झालं की रक्तवाहिन्या सैलावतात आणि बी.पी. उतरतं. पण त्याबरोबर सेरोटोनिन आणि डोपामिन ही मनःस्थिती सांभाळणारी रसायनंही रिती होतात. म्हणूनच ज्यांना नैराश्य आहे किंवा पूर्वी होतं, त्यांना रेसर्पिन देऊ नये असं या औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. जठरात व्रण असला तरी देऊ नये. नाडी मंदावते, नाक चोंदतं, सुस्ती येते, कुणाला कंपवातासारखा थरथराट येतो. आणि औषध थांबवलं तरी असर लगेच जात नाही, दिवस, कधी आठवडे रेंगाळतो. आई गेल्यावर तुम्ही बाबांना ज्या काळोखातून बाहेर काढलंत, त्यातच परत ढकलण्याचा हा धोका आहे. पसरण्याची भीती दूरची आणि अनिश्चित आहे, हा धोका जवळचा आणि माहितीचा.

काका म्हणतील, ‘मी घेतो, मला काही झालं नाही.’ खरंच झालं नसेल. सर्पगंधा बी.पी. उतरवते याबद्दल शंकाच नाही, आणि हे जगाला पटवून देण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. १९३१मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा उपयोग लिहून ठेवला. पण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’च्या १९४९च्या अंकात मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे निष्कर्ष छापले, तेव्हा युरोप-अमेरिकेचं लक्ष गेलं. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सीबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि १९५७मध्ये वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. जुन्या पिढीतल्या अनेकांना ‘अडेल्फेन’ ही गोळी आठवत असेल, तिच्यात रेसर्पिनच होतं. आपल्या मातीतल्या एका झुडपाने रक्तदाबाच्या उपचाराला दिशा दिली याचा मला मनापासून अभिमान वाटतो. काकांनाही वाटत असणार. त्या अभिमानाला धक्का न लावता बोलता येतं.

बोलताना हे सांगा की वकिलांनी काय केलं. लोक पिढ्यान्‌पिढ्या जे घेत होते, ते त्यांनी मोजून दिलं, रुग्णांची नोंद ठेवली, बी.पी. किती उतरलं आणि त्रास काय झाला ते लिहिलं. मेलानोमाच्या बाबतीत माणसांमध्ये हेच काम व्हायचं बाकी आहे. ते तुमच्या स्वयंपाकघरात, अर्धा चमचा मापाने, एकट्या बाबांवर होऊ शकत नाही.

त्या अर्ध्या चमच्याचा हिशेबही करून बघा. रेसर्पिनची गोळी ०.१ किंवा ०.२५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे फार तर मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा. चांगल्या मुळीच्या चूर्णात हजार भागांत साधारण एक-दीड भाग रेसर्पिन आणि त्याच्या जवळची द्रव्यं असतात. अर्ध्या चमच्यात एक ग्रॅमच्या आसपास चूर्ण धरलं, तर एक-दीड मिलिग्रॅम पोटात जाईल, ०.२५च्या गोळीच्या चार ते सहापट. हे मुळी चांगली असेल तर. मुळी कोवळी असेल, चुकीच्या ऋतूत काढलेली असेल, तर द्रव्य निम्मंही नसेल. आणि ती सर्पगंधाच आहे हे कुणी तपासलं? बाजारात सर्पगंधेच्या नावाखाली तिच्याच कुळातल्या दुसऱ्या झुडपांची मुळं सर्रास मिसळली जातात. जंगलातली सर्पगंधा इतकी ओरबाडली गेली आहे की तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे. ज्या वस्तूची टंचाई असते तिच्यात भेसळ होतेच. आयुर्वेदाची जाण असलेला वैद्यही नैराश्याच्या आणि बी.पी.च्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला असं चूर्ण अंदाजाने देणार नाही.

आता भावाचा मुद्दा, कारण तोही पूर्ण खोटा नाही. गोळीच्या पट्टीवर नावापुढे ‘एच’ असेल, तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, शरीरातलं जादा पाणी-मीठ लघवीवाटे काढणारं औषध. ते वनस्पतीपासूनचं नाही, सर्पगंधेशी त्याचा काही संबंध नाही. डेन्मार्कमधल्या मोठ्या नोंदींच्या अभ्यासात, हे औषध वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत त्वचेचे दोन प्रकारचे कॅन्सर जास्त आढळले, आणि ते दोन्ही मेलानोमाहून वेगळे. ते उघड्या, ऊन लागणाऱ्या कातडीवर होतात. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने माहितीपत्रकात ही सूचना घातली, तेव्हा दिलेला आकडा असा होता: हे औषध घेणाऱ्या १६,००० लोकांमागे वर्षाला साधारण एक जादा रुग्ण. एकूण ५०,००० मिलिग्रॅमच्या वर औषध गेलेल्या गोऱ्या लोकांत ६,७०० मागे एक. रोज १२.५ मिलिग्रॅम घेणाऱ्याला ५०,००० मिलिग्रॅमपर्यंत पोचायला अकरा वर्षं लागतात. त्याच सूचनेत, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषध थांबवू नका, हेही लिहिलेलं आहे. बाबांच्या टाचेखालचा डाग या गोळीने आला असं म्हणायला आधार नाही. तरीही मनात शंका राहत असेल, तर बी.पी.च्या डॉक्टरांना ‘एच’ नसलेली गोळी चालेल का, एवढं विचारा. ते सहज बदलून देऊ शकतात. अचानक बंद केलेल्या गोळीने पक्षाघात झाला, तर त्याचं दुःख कुठल्या आकड्यात मांडणार?

ताई, आता जरा वेगळं बोलते. तुमच्या पत्रात काका आहेत, भाऊ आहे, डॉक्टर आहेत, तुम्ही आहात. बाबा मात्र फक्त ‘त्यांना काय द्यायचं’ या प्रश्नात येतात. तुम्ही गृहीत धरलंय की हा निर्णय तुमच्यात आणि काकांमध्ये व्हायचा आहे. तसं का असावं?

आपल्या घरांमध्ये कॅन्सर हा शब्द लपवतात तो मायेपोटी, हे मला माहीत आहे. ‘हाय खातील’, ‘हातपाय गाळतील’ ही भीती खरी असते, आणि आधीच खचलेल्या माणसाच्या बाबतीत जास्तच. पण आता काय होणार आहे ते बघा. इम्युनोथेरपी सुरू झाली, तर वर्षभर सलाइनच्या खोलीत ते अशा लोकांशेजारी बसणार आहेत ज्यांच्या फायलीवर तोच शब्द आहे. देखरेखीचा मार्ग धरलात, तर दर काही महिन्यांनी स्कॅन. ज्या माणसाने आयुष्यभर गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाचा हिशेब ठेवला, त्यांना हे कळणार नाही असं तुम्हाला वाटतं का? मला वाटतं, त्यांना अर्धंअधिक कळलेलं आहे, आणि घरात कुणी बोलत नाही म्हणून तेही बोलत नाहीत. अशा गप्प बसण्यात नैराश्य वाढतं.

सगळं एकदम सांगायची गरज नाही. त्यांच्या मनाच्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा, कसं सांगावं, आता सांगावं का. मग बाबांनाच विचारा: ‘तुमच्या पायाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलंय ते सगळं ऐकायचंय का, की आम्ही बघावं असं वाटतं?’ कोणी म्हणतं, सगळं सांग. कोणी म्हणतं, तू बघ. दोन्ही उत्तरं त्यांची असतील. त्यांनी ऐकायचं ठरवलं, तर खर्चाचंही त्यांच्यापासून लपवू नका. पेन्शनीतून काय जावं आणि काय जाऊ नये, यावर त्यांचं मत असणारच.

काकांशी बोलणंही मग सोपं जाईल. आज तुम्हाला काकांना ‘नाही’ म्हणायचंय ते पुतणीच्या नात्याने, आणि ते जड जातं. बाबांनी स्वतः ‘दादा, डॉक्टरांना विचारून मगच’ म्हटलं, तर विषय तिथेच थांबेल. तोवर काकांना असं म्हणून बघा: ‘काका, तुम्ही वाचलंत ते खरं आहे, मी तपासलं. म्हणूनच ते मी डॉक्टरांपुढे ठेवणार आहे, आणि तुम्ही बरोबर यायचं.’ खरोखर न्या त्यांना मुंबईला. धाकट्या भावाला कॅन्सर झालेला आहे आणि आपल्या हातात काही नाही, ही काकांची वेदना आहे. चूर्ण म्हणजे त्यांना करता येण्याजोगी एक गोष्ट होती. त्याऐवजी दुसरी काहीतरी त्यांच्या हातात द्या. पाय बघण्याचं काम द्या.

हे काम खरंच महत्त्वाचं आहे. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखं, शस्त्रक्रियेचा व्रण आणि त्याच्या आजूबाजूची कातडी बघायची. व्रणापासून जांघेपर्यंतच्या वाटेवर कातडीखाली बारीक गाठ लागते का, जांघेत काही फुगलंय का, बोटांनी चाचपायचं. नवीन काळा ठिपका किंवा कातडीच्या रंगाचाही उंचवटा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं. मोबाइलवर फोटो काढून तारीख घालून ठेवला की मागच्या महिन्याशी ताडून बघता येतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडे जाल तेव्हा आजाराचा टप्पा नेमका कुठला ते लिहून मागा. गाठीत पेशी सापडल्या म्हणजे तिसरा टप्पा असणार, पण त्यातही पोटभाग असतात आणि पसरण्याची शक्यता त्यावर खूप बदलते. काढलेल्या गाठीची बी-रॅफ आणि किट या जनुकांची तपासणी झालीये का, विचारा. बी-रॅफमध्ये बदल असेल तर गोळ्यांचा वेगळा उपचार असतो. तळपायाच्या मेलानोमात तो बदल कमी सापडतो, किटमधला तुलनेने जास्त. मग सरळ विचारा: ‘या प्रकारच्या मेलानोमात, बाबांच्या वयाला, इम्युनोथेरपीने परत येण्याची शक्यता किती कमी होईल? आणि नाही दिली तर देखरेख कशी ठेवणार?’ डॉक्टरांनी देखरेख हा मार्ग सांगितला आहे, तो काही हात झटकणं नव्हे. तळपायाच्या मेलानोमात इम्युनोथेरपीचा फायदा उन्हाने होणाऱ्या मेलानोमापेक्षा सहसा कमी दिसतो, त्यामुळे घर गहाण टाकण्याआधी हा आकडा ऐकायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कर्ज काढून उपचार केले नाहीत म्हणजे लेक कमी पडली, असं मनात आणू नका.

पैशांसाठी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना त्याच दिवशी भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं, औषध कंपन्यांच्या मदत-योजना कुठल्या चालू आहेत, कुठल्या न्यासाकडे अर्ज करायचा, हे त्यांना तोंडपाठ असतं. जाताना रेशनकार्ड आणि पेन्शनची कागदपत्रं बरोबर ठेवा.

रेसर्पिनचा प्रश्नही विचारा, लाजू नका. ‘२०१९चं फिलाडेल्फियाचं काम’ म्हटलंत तर डॉक्टरांना शोधता येईल. माणसांवरची एखादी चाचणी बाबांना योग्य असेल, मग ती रेसर्पिनची असो वा दुसऱ्या कशाची, तर तिथून खरा मार्ग निघतो. भारतात २००९पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये करावीच लागते आणि ती नोंदवही कुणालाही इंटरनेटवर उघडून बघता येते. भावाला हे काम सोपवा. चाचणीत नैराश्य असलेल्या माणसाला घ्यायचं की नाही, मात्रा किती, त्रास झाला तर जबाबदारी कुणाची, हे सगळं आधी ठरलेलं असतं आणि नुकसानभरपाईचे नियम असतात. पुडीत यातलं काहीच नाही.

पुडी फेकू नका. तिच्यावर नाव, कुठून आणली आणि तारीख लिहा, बाबांच्या औषधांच्या डब्यापासून लांब ठेवा आणि मुंबईला जाताना बरोबर घ्या. बाबांनी चुकून एखाद-दोन वेळा घेतलं असेल तर रागावू नका, पण डॉक्टरांना सांगा. आणि काकांनाही एक विनंती करा: त्यांचं स्वतःचं कुठलंही ऑपरेशन ठरलं, अगदी मोतीबिंदूचं किंवा दाताचं, तर भूल देण्याआधी सर्पगंधा घेत असल्याचं सांगायचं. भुलीखाली अशा माणसाचं बी.पी. एकदम कोसळू शकतं. सर्पगंधा घेणाऱ्या इतर वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं, आणि मन उदास राहायला लागलं, झोप उडाली, कशात रस वाटेना, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडून न देता ती मुळी बंद करायची का हे डॉक्टरांना विचारावं.

ज्या वाचकांच्या घरात अजून कुठलाच आजार निघालेला नाही, त्यांनी आज रात्री पाय धुताना आई-वडिलांचे तळपाय उजेडात बघा. महिना-दीड महिना होऊनही न भरलेलं ‘कुरूप’, रंग किंवा आकार बदलणारा काळा डाग, नखाखाली रुंद होत जाणारी काळी रेघ, हे तासायला कुणाकडे नेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांनी तुकडा तपासायला घ्यायचं म्हटलं तर घेऊ द्या.